सरस कोण?
(उमेदीच्या हॉकीपटूंची तुलना कशी करावी, याविषयी थोडेसे)

निवडचाचणी आटोपल्यावर मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जो वाद रंगतो तो बदनावरला ऐका, धारला ऐका नाहीतर देवासला. त्याचा साचा एकच असतो. एक म्हणतो, "आमच्या पोराने मोसमात अकरा गोल मारले!" दुसरा म्हणतो, "मारले असतील; पण कुणाविरुद्ध?" यानंतर आवाज चढतात, चहा निवतो आणि वाद तेथेच राहतो. वास्तविक दुसऱ्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. ते कसे शोधावे हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखाचा खटाटोप आहे.

विषय वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्यात करमणूक काही नाही. या वयात जिल्ह्याच्या किंवा विद्यापीठाच्या संघातून नाव गळाले की बहुतेक मुले स्टिक कोपऱ्यात ठेवतात आणि कामधंद्याला लागतात. दोन मुलांपैकी एकच घ्यायचा असतो तेव्हा निवड करणारा कोणत्या आकड्याकडे पाहतो, यावर त्यांतल्या एकाचे पुढचे आयुष्य ठरते. आणि आपल्याकडे आकडा म्हटला की गोल! स्कोअरबुकात दुसरे काही लिहिलेलेच नसते.

नुसते गोल मोजण्यात काय धोका आहे हे आपल्या देशाच्या एका सोनेरी पानावरच दिसते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. हा पराक्रम थोर आहे, यात शंका नाही. पण तो सामनेवार मांडून पाहा. अफगाणिस्तानविरुद्ध १४, अमेरिकेविरुद्ध १६, सिंगापूरविरुद्ध ६. मग उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध १ आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध १. म्हणजे ३८ पैकी ३० गोल दोनच सामन्यांतले. ज्या दोन सामन्यांवर सुवर्णपदक अवलंबून होते त्यांत मिळून झाले दोन. तेव्हा त्या स्पर्धेतील आघाडीच्या खेळाडूंची नुसती बेरीज करून क्रम लावला, तर तो क्रम बव्हंशी अफगाणिस्तान आणि अमेरिका यांच्या बचावाच्या दुबळेपणाचा क्रम ठरेल.

त्या संघाचा गोलरक्षक आमच्या माळव्यातला होता. शंकर लक्ष्मण यांचा जन्म १९३३ साली महूचा. बदनावरहून धार आणि धारहून महू, इतक्या जवळचा हा माणूस. १९४७ साली तो सैन्याच्या बँडपथकात भरती झाला आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीकडून खेळला. या पलटणीचे केंद्र बेळगावला असल्याने आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचकही त्यांना परके मानणार नाहीत. (१९६४ च्या टोकियोच्या सुवर्णविजेत्या संघात त्यांच्याबरोबर बेळगावचे बंडू पाटीलही होते.) १९५६, १९६० आणि १९६४ या तिन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत समोर पाकिस्तान आणि भारताच्या गोलात शंकर लक्ष्मण. निकाल अनुक्रमे १-०, ०-१ आणि १-०. तीन अंतिम सामन्यांत मिळून त्यांच्या मागे एकच चेंडू गेला, आणि त्या एका चेंडूने सुवर्णाचे रौप्य झाले. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते आणि सुवर्ण घेऊनच परत आले. अशा खेळाडूला गोलांच्या रकान्यात शोधू गेल्यास तो सापडणारच नाही. गोलरक्षकाचे मोल त्याने अडवलेल्या फटक्यांत असते, आणि ते फटके त्या काळी कोणी मोजून ठेवले नाहीत.

महूचेच दुसरे नाव किशनलाल. जन्म १९१७. १९४८ साली लंडनला भारताने ब्रिटनला ४-० हरवून स्वतंत्र देश म्हणून पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, त्या संघाचे हे कर्णधार. तेव्हा त्यांचे वय ३१ होते. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिके महायुद्धामुळे झालीच नाहीत. म्हणजे तेविसाव्या आणि सत्ताविसाव्या वर्षी, जेव्हा आघाडीच्या खेळाडूचे पाय सर्वांत चपळ असतात, तेव्हा किशनलाल यांना हे मैदान मिळालेच नाही. कोणी 'ऑलिंपिकमधील कामगिरी' असा रकाना काढून त्यांची तुलना दुसऱ्या काळातील खेळाडूशी करू लागला, तर त्याला आधी हे दोन कोरे चौकोन दाखवावे लागतील. कामगिरी पाहताना ती कोणत्या वयातली आणि किती संधीतली, हे विचारणे म्हणूनच भाग आहे.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. विवेक सागर प्रसाद हा इटारसीजवळचा मुलगा, जन्म फेब्रुवारी २००० चा. अकोल्याच्या एका स्पर्धेत अशोककुमार यांच्या नजरेस पडला आणि भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत गेला. जानेवारी २०१८ मध्ये, अठरा वर्षे पुरी होण्याआधी, तो भारताच्या मुख्य संघातून खेळला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा उगवत्या खेळाडूचा सन्मान त्याला दोनदा मिळाला. टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक कांस्ये त्याच्या नावावर आहेत. आता पॅरिसचा हिशेब पाहा. २०२४ च्या त्या स्पर्धेत भारताने आठ सामन्यांत १५ गोल केले. त्यांतले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे, आणि विवेकचा एक. म्हणून हरमनप्रीत विवेकच्या दसपट मोठा खेळाडू, असे कोणी म्हणेल काय? हरमनप्रीत पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग-फ्लिक मारतो. संघाने मिळवलेले बहुतेक कॉर्नर अखेर त्याच्याच स्टिकवर येऊन थांबतात. विवेक मधल्या फळीत खेळतो. त्याचे काम समोरच्याकडून चेंडू काढून घेणे आणि पुढे पोचवणे. जो चेंडू त्याने काढून घेतला, त्यावर पुढे चौथ्या पासानंतर कॉर्नर मिळाला आणि हरमनप्रीतने गोल केला, तर स्कोअरबुकात विवेकचे नाव कोठे येते? कोठेच नाही.

येथवर आपल्या हाती तीन प्रश्न आले: कोणाविरुद्ध, कोणत्या वयात, कोणत्या जागेवर. चौथा प्रश्न सर्वांत अडचणीचा आहे, तो म्हणजे किती वेळ. आजकाल मैदानी हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव असतात आणि खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात. मुलगा 'सामना खेळला' म्हणजे पन्नास मिनिटे खेळला की सहा, हे आपल्या नोंदीवरून कळत नाही. ही नोंद जेथे काटेकोर ठेवतात असा खेळ म्हणजे बर्फावरची हॉकी. आणि उमेदीच्या खेळाडूंची तुलना करण्याचा जो सर्वांत चुरशीचा प्रश्न जगात आहे, तोही याच खेळात आणि रशियाच्या लीगमध्ये उभा राहतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ चित्रातच पाहिला असेल. तरी त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिका आणि कॅनडा मिळून नॅशनल हॉकी लीग चालते. तिच्यात नवे खेळाडू घेण्यासाठी दरवर्षी ड्राफ्ट होतो. आपल्याकडे हॉकी इंडिया लीगसाठी लिलाव होतो, तसा यात पैशाचा पुकारा नसतो. संघ पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव उच्चारतात आणि त्या मुलाला पुढे करारबद्ध करण्याचा हक्क त्या संघाकडे जातो. अशा सात फेऱ्या होतात. मुले बहुधा अठरा वर्षांची असतात. रशियन मुलाचे नाव पुकारले गेले तरी तो लगेच जातोच असे नाही. आपल्या रशियन क्लबचा करार संपेपर्यंत तो तेथेच, २००८ साली सुरू झालेल्या कॉन्टिनेंटल हॉकी लीगमध्ये, पंचविशी-तिशीतल्या गड्यांबरोबर खेळत राहतो. अमेरिकेतला संघ मात्र दुरून त्याचे आकडे पाहत बसतो. मुलगा वाढतो आहे की नाही, हे ठरवायचे कशावरून?

या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्या आधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना प्रत्येकी एक गुण मिळतो. (आपल्या विवेकचे नाव या पद्धतीत निदान कधीमधी तरी कागदावर आले असते!) आता तीन मुलांचे तीन मोसम समोर ठेवू.

पहिला किरिल काप्रिझोव्ह. जन्म एप्रिल १९९७. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाने त्याला पाचव्या फेरीत घेतले, क्रमांक १३५. २०१६-१७ च्या मोसमात उफा शहराच्या सलावत युलायेव्ह संघाकडून ४९ सामन्यांत २० गोल आणि २२ पास, एकूण ४२ गुण.

दुसरा मातवेई मिच्कोव्ह. जन्म ९ डिसेंबर २००४. २०२३ साली फिलाडेल्फियाने सातव्या क्रमांकावर घेतले. २०२३-२४ मध्ये ४८ सामन्यांत १९ गोल, २२ पास, ४१ गुण. यांतला एक सामना सेंट पीटर्सबर्गच्या बलाढ्य एसकेए संघाकडून, बाकीचे ४७ सोचीच्या दुबळ्या संघाकडून.

तिसरा इवान देमिदोव्ह. जन्म १० डिसेंबर २००५. २०२४ साली माँट्रियलने पाचव्या क्रमांकावर घेतले. २०२४-२५ मध्ये एसकेएकडूनच ६५ सामन्यांत १९ गोल, ३० पास, ४९ गुण. वीस वर्षांखालील खेळाडूने त्या लीगच्या एका मोसमात मिळवलेले हे सर्वाधिक गुण होत. आधीचा उच्चांक काप्रिझोव्हच्या ४२ चा होता.

बेरीज पाहणारा म्हणेल, देमिदोव्ह पहिला. आता सामन्यांच्या संख्येने भागून पाहा. काप्रिझोव्ह दर सामन्याला ०.८६, मिच्कोव्ह ०.८५, देमिदोव्ह ०.७५. क्रम उलटला! शिवाय एक गंमत आहे. मिच्कोव्हचा एसकेएकडून खेळलेला तो एकुलता एक कोरडा सामना वगळला, तर त्याचे प्रमाण ०.८७ होते आणि तो काप्रिझोव्हच्या पुढे जातो. एका सामन्याने जर क्रम फिरत असेल, तर तो क्रम मानायचा कशाला? ४९ सामन्यांत एक गुण कमी-अधिक झाला की दर सामन्याचे प्रमाण ०.०२ ने हलते. तेव्हा दशांशचिन्हापुढच्या दुसऱ्या अंकावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी आधी हा भागाकार करावा. या कसोटीवर पहिले दोघे बरोबरीचे, यापलीकडे काही म्हणता येत नाही.

पण देमिदोव्ह खरोखर मागे पडतो काय? येथे वेळेचा प्रश्न येतो. बर्फावर खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतो आणि बाकावर येतो. पुन्हा पाळी आली की उतरतो. प्रशिक्षकाचा विश्वास असलेल्याला साठ मिनिटांच्या सामन्यात अशा पाळ्या भरपूर मिळतात. एसकेएसारख्या श्रीमंत संघात नावाजलेल्या खेळाडूंची रांग असते. तेथे देमिदोव्हला अनेकदा शेवटच्या फळीत टाकले गेले आणि काही सामन्यांत तर तो मोजकी मिनिटेच बर्फावर होता. तरीही ते सामने 'खेळलेले' म्हणून भागाकाराच्या खाली येऊन बसले. समजा, एक मुलगा सामन्यात अठरा मिनिटे खेळून दहा सामन्यांत नऊ गुण मिळवतो आणि दुसरा बारा मिनिटे खेळून आठ. सामन्यामागे पहिला सरस. पण पहिल्याची १८० मिनिटे झाली, दुसऱ्याची १२०. साठ मिनिटांचे प्रमाण काढले तर पहिल्याचे तीन गुण येतात आणि दुसऱ्याचे चार.

मिच्कोव्हच्या बाबतीत हाच मुद्दा उलट बाजूने दिसतो. २०२२-२३ मध्ये तोही एसकेएत होता. तेथे तीन सामन्यांत त्याला एकही गुण मिळाला नाही. मग त्याला सोचीला उसना दिला, आणि तेथे २७ सामन्यांत ९ गोल व ११ पास मिळून २० गुण झाले. एकाच मोसमात मुलाच्या हातातील कसब काही बदलले नव्हते. बदलली ती जागा. दुबळ्या संघात त्याला वेळ मिळाला, मुख्य फळीत स्थान मिळाले. मात्र दुबळ्या संघाची दुसरी बाजूही आहे. तेथे पास दिला तर पुढचा तो गोलात घालीलच याची शाश्वती नसते, आणि प्रतिपक्षाचा सारा पहारा एकाच मुलाभोवती लागतो. एसकेएत देमिदोव्हच्या पासांवर गोल करणारे पट्टीचे खेळाडू होते; त्याच्या ३० पासांत त्यांचाही वाटा धरला पाहिजे. थोडक्यात, मोठा संघ एका हाताने वेळ काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने चांगले सोबती देतो. या दोन्हींची वजाबाकी नेमकी किती, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही. तेथे खेळ डोळ्यांनी पाहावा लागतो.

वयाचा मुद्दा मात्र चोख मोजता येतो. मिच्कोव्ह आणि देमिदोव्ह यांच्या जन्मात एक वर्ष आणि एक दिवसाचे अंतर. आणि त्यांचे हे मोसमही एका वर्षाच्या अंतराने. म्हणजे मोसम सुरू होताना दोघेही अठरा वर्षे नऊ महिन्यांच्या आसपास. तुलनेला इतकी सोयीची जोडी क्वचित मिळते. काप्रिझोव्ह मात्र त्याच्या मोसमाच्या आरंभी एकोणीस वर्षे चार महिन्यांचा होता. त्या वयात सात महिने म्हणजे खांद्यावर किती मांस चढते, हे घरात वाढता मुलगा असलेल्या कोणत्याही आईला विचारावे.

जन्ममहिन्याचा हा परिणाम शास्त्रज्ञांनीही टिपला आहे, आणि तोही प्रथम हॉकीतच. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले की कॅनडाच्या वरच्या दर्जाच्या कुमार हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर अधिक आहेत. कारण साधे आहे. वयोगटाची मर्यादा १ जानेवारी असली, की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात. मोठा अंगाने थोराड, म्हणून निवडला जातो. निवडला गेल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक आणि अधिक सामने मिळतात. आणि पाच वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. आपल्या शालेय स्पर्धांतही वर्षाखेरीची मर्यादा धरली, तर आपल्याकडे निराळे काही घडण्याचे कारण नाही. एखाद्या जिल्हा संघाच्या यादीतले जन्ममहिने मोजून पाहण्याजोगे आहेत. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका दुपारचे काम.

आता प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर, त्या त्या मोसमापुरता मी मिच्कोव्हला काप्रिझोव्हच्या किंचित वर ठेवीन. आकडे बरोबरीचे, वय कमी आणि सोबती दुबळे. देमिदोव्हचा क्रम त्याची मिनिटे हाती घेतल्यावाचून लावणे मला गैर वाटते, आणि सामन्यामागे ०.७५ म्हणून त्याला तिसरा ठरवणे तर अन्यायच.

या मुलांचे पुढे काय झाले? काप्रिझोव्हने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत जर्मनीविरुद्ध सुवर्णगोल केला. अमेरिकेत तो २०२०-२१ च्या मोसमात गेला. पहिल्याच वर्षी ५५ सामन्यांत २७ गोल आणि ५१ गुण मिळवून त्या लीगच्या सर्वोत्तम नवोदिताचे काल्डर पारितोषिक त्याने पटकावले. २०१५ साली १३४ मुलांची नावे त्याच्या आधी पुकारली गेली होती! मिच्कोव्हने २०२४-२५ या तेथील पहिल्या मोसमात ८० सामन्यांत २६ गोल आणि ६३ गुण मिळवले. सामन्यामागे काप्रिझोव्हचे ०.९३, मिच्कोव्हचे ०.७९. पण थांबा, काप्रिझोव्ह तेव्हा तेविशी ओलांडून गेलेला, मिच्कोव्ह विशीत नुकता शिरलेला. देमिदोव्ह माँट्रियलकडून प्रथम उतरला तो १४ एप्रिल २०२५ रोजी, शिकागोविरुद्ध. आणि पहिल्याच सामन्यात एक गोल व एक पास करून मोकळा झाला.

आपल्या स्कोअरबुकाला यातले काय घेता येईल? यंत्रे नकोत, पैसाही नको. एक मनगटी घड्याळ आणि बाकावर बसलेला, चाचणीत मागे पडलेला एखादा विद्यार्थी पुरे. त्याने प्रत्येक खेळाडू आत गेल्याची आणि बाहेर आल्याची मिनिटे लिहावीत. गोल लिहिताना तो चालत्या खेळातला की पेनल्टी कॉर्नरवरचा, हे लिहावे. शेवटचा पास कोणाचा, तेही. गोलरक्षकासमोर किती फटके आले आणि किती अडले, याच्या रेघा ओढाव्यात. पहिल्या पानावर प्रत्येकाची जन्मतारीख असावी, नुसता वयोगट नव्हे. आणि प्रतिस्पर्धी संघाच्या नावापुढे त्या मोसमात त्याने किती सामने जिंकले हे नंतर भरावे, म्हणजे टपरीवरच्या 'कुणाविरुद्ध?' या प्रश्नाला कागद दाखवता येईल.

हौशी विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण सोडवायला देतो. आघाडीच्या 'अ' ने मोसमात बारा सामने खेळून अकरा गोल केले. त्यांतले सात एकाच सामन्यात, शेवटच्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध, आणि तो सर्व सामने पूर्ण साठ मिनिटे खेळला. 'ब' त्याहून दहा महिन्यांनी लहान. बाराही सामन्यांत बदली म्हणून सरासरी वीस मिनिटे उतरला आणि वेगवेगळ्या संघांविरुद्ध चार गोल केले. जागा एकच रिकामी आहे. दोघांचे दर साठ मिनिटांचे प्रमाण आधी सर्व सामने धरून काढा, मग तो सात गोलांचा सामना दोघांच्याही हिशेबातून वगळून काढा ('ब' ला त्या सामन्यात गोल नव्हता), आणि कोणाला घ्याल ते कारणांसह लिहा.